जीपच्या डब्यात साचलेलं तेल

आण्णा, तुमची जीप काल मी खोलली. धाकट्याला विचारलं असतं तर त्यानं हात लावू दिला नसता. "आण्णांनी जायच्या आधी शेवटचं बांधलेलं इंजिन हाय, त्याला पाना लावायचा न्हाई," हे त्याचं पालुपद. एवढं जपतो, आणि त्यालाच मोठा टर्बो लावून चढाच्या शर्यतीत पिदडतो! कसं जमतं त्याला, देव जाणे.

टर्बो वाढवल्यापासून इंजिनाच्या पोटातली कोंडलेली हवा सोडणारी नळी तेल ओकायला लागली. ती नळी फिरून टर्बोतच जाते, म्हणून मी मध्ये कॅच कॅन, म्हणजे तेल अडवणारा डबा, लावला. आत जाळी, खाली तोटी. तेल डब्यात थांबावं, नुसती हवा पुढं जावी. पण तळेघरचा चढ एकदा चढून आला की डबा काठोकाठ. "मोठा डबा लाव की, तायडे," म्हणतो. अरे बाबा, डबा भरला की तेल टर्बोत जाणार, आणि डिझेल इंजिन एकदा स्वतःचंच तेल प्यायला लागलं की चावी काढली तरी थांबत नाही. आणि हे घाटात झालं तर? रविवारी त्याची शर्यत आहे. मला लई भीती वाटत होती, आण्णा.

निरगुडसरचा ट्रॅक्टर आठवतो? नळीतून तेल ठिबकतं म्हणून मालकानं तिच्या तोंडात दाणे काढलेलं मक्याचं कणीस ठोकलं होतं. हवा कोंडली, सील फुटलं, सगळं तेल अंगणात. मी फिदीफिदी हसले, तर तुम्ही चारचौघांत डाफरलात, "दात काय काढतीस? ज्या बाईला अंगण सारवावं लागतं तिला इचार, बूच का मारलं ते." मग तुम्ही ब्रेक ऑइलचा रिकामा डबा घेता, त्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबता आणि नळीला जोडता. त्या बाई चहा आणतात, तुम्ही पहिला कप मला देता. मी रागातच प्यायले तो.

काल पिस्टन बाहेर काढले. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजून जळता वायू खाली इंजिनाच्या पोटात गळत असेल, असं वाटलं होतं. कुठलं काय! एका पिस्टनची वरची रिंग उलटी बसली होती, वर हवी ती खुणेची बाजू खाली. पुसून पुसून पाहिली. साध्या चालीत निभावलं, टर्बोच्या जोरापुढं उघडं पडलं. आण्णा, शेवटी शेवटी तुम्हाला दिसत नव्हतं का हो? रिंगा तुम्ही बसवत होतात, मी शेजारीच उभी होते, नुसते पाने देत होते. एका शब्दानं बोलला असता तर काय बिघडलं असतं? राग येतो मला तुमचा.

तेवढ्यात धाकटा आला. खोललेलं इंजिन बघून त्यानं खाली पडलेला पाना उचलला. "कुणी सांगितलं व्हतं तुला? काय घावलं?"

म्हटलं, "रिंग उलटी बसलीय. आण्णांच्या हातातून घेऊन मीच बसवली व्हती."

त्यानं पाना भिरकावला. "आण्णांचं शेवटचं काम नासवलंस तू!"

आईनंही ऐकलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

आज नवी रिंग घालून इंजिन बांधलं. डब्यात आता जेमतेम ओल येते. तो रविवारी चढेल, सुखरूप येईल. हा कागद त्याच्या हाती पडायला नको, म्हणून तेलकट चिंध्यांबरोबर जाळून टाकणार आहे. पण खरं सांगते, तो बोलत होता तेव्हा तुमचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. आजही दोनदा आलं.