कोपऱ्यातली ऊब

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची! आणि थाट असा, की अख्खा मजला माझा. पूर्वी म्हणे इथे वर्कशॉपची माणसं गिजबिजलेली असायची. एसीचा नमुना बनवायचा, चालवायचा, बिघडला की पुन्हा बनवायचा. आता मी एकटी डिझाइन करते आणि क्लाउडवर पाठवते. माझा चहा होईस्तोवर कुठले तरी लांबचे, भाड्याचे संगणक त्याचे शेकडो प्रकार चालवून बघतात. भिंतीवर पाने-पकडी टांगायच्या जागी पान्यांचे रंगवलेले आकार तेवढे उरलेत.

चाचणीची खोली म्हणजे माझीच खोली. भिंतींत तापमानाचे सेन्सर आहेत, आणि क्लाउडवर खोलीची हुबेहूब प्रतिकृती: टेबल, कपाट, खिडकी, आणि खुर्चीत अंगाची ऊब सोडणारा एक करडा पुतळा. तो म्हणजे मी. नाक नाही, पण बांधा बरा दिलाय.

आईने फोनवर विचारलं, जेवायला सोबत कोण असतं. म्हटलं, खूप जण. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला.

गुरुवार, ६

आकडे जुळेनात. कपाटाजवळचा कोपरा प्रतिकृतीपेक्षा गरम आहे. तिथे ऊन येत नाही, पाइप नाही. सेन्सरही बदलून पाहिला. आमच्या धंद्यात एक खोड असते: जुळत नसलं की प्रतिकृतीत काहीतरी घालून जुळवायचं. मी गंमत म्हणून कोपऱ्यात दुसरा पुतळा बसवला. तंतोतंत जुळलं! एकटीच खो खो हसले. तो पुतळा मग तसाच राहू दिला.

सोमवार, १०

कोपऱ्यात खरीखुरी रिकामी खुर्ची नेऊन ठेवली. तिच्याकडे तोंड करून डबा खाते, साहेबांच्या कागाळ्या सांगते. वेडेपणा आहे, कळतं मला. पण इथे आल्यापासून आज पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

शुक्रवार, १४

आता माझ्या टेबलापाशी गारठा. एसी तर अजून फक्त क्लाउडवर आहे! स्वेटर घातला, तरी बोटं बर्फ. प्रतिकृतीत माझी ऊब आहे, सेन्सरना ती सापडत नाही. वैतागून क्लाउडलाच सांगितलं, माणसं किती आणि कुठे बसलीत, ते सेन्सरच्या आकड्यांवरून तूच जुळव. चहा संपायच्या आत उत्तर आलं.

माणूस एक. कोपऱ्यातल्या खुर्चीत.

सोमवार, १७

साहेबांना फोन केला. ते खूश. इतकं छान जुळलंय, म्हणाले, मग टेबलापाशी जास्तीचा पुतळा कशाला ठेवलाय? म्हटलं, साहेब, ती मी आहे. ते मनापासून हसले. क्लाउडवर सगळ्यांसमोर एकच फाइल असते — त्यांनी तिकडे बसल्या बसल्या मला पुसून टाकलं.

मंगळवार

निघायचं ठरवलं. पर्स उचलेना. दाराची मूठ हाताला लागते, पण फिरत —

पेन्सिल तेवढी अजून धरता येते. भीती वाटते. फार भीती वाटते.

आईचा फोन. बोट घासतेय, घासतेय — स्क्रीनला माझं बोट कळतच नाही — वाजायचा थांबला.

नाही. कॉल सुरू झालाय, स्पीकरवर. मी उचलला नाही.

माझा आवाज. कोपऱ्यातून. आईला फरक कळेल. कळायला हवा —

आई हसतेय. विचारतेय, आज जेवायला कोण कोण होतं. आणि तो आवाज लाडात येऊन सांगतोय, खरं सांगू का आई, खोटं बोलले होते तुझ्याशी, एकटीच असते मी, इथे दुसरं कुणीच —