रेवाचा पाय

केयूरदादा,

रेवाला मी समा भागातल्या मामांच्या तबेल्यात नेलं आहे. तिकडे येऊ नकोस.

तिच्या पुढच्या पायाची कंडरा, म्हणजे टेंडन, सुजली आहे, महिनाभर नुसतं हळू चालवायचं आणि पायावर गार पाण्याची धार धरायची, हे तुला तीनदा सांगितलं होतं. तरी मित्राच्या लग्नाच्या वरातीत, वरघोड्यात, तू तिला डांबरी रस्त्यावर दोन तास नाचवलंस. "घोडीला काय होतंय," म्हणालास. कंडरा फाटली. आता ती कधीच धावणार नाही.

तू रायडिंग शिकवतोस त्या क्लबात मी सोनोग्राफी आणि तुझा नाचवतानाचा व्हिडिओ दाखवून आले. त्यांनी तुला काढलं. इतर क्लबांतही आज जाणार आहे. बडोद्यात तुझ्या हाती कुणी लगाम देणार नाही.

काम का गेलं ते आईला तूच सांग. मी सांगितलं तर सगळं सांगेन.

यशश्री