मिस ओडेसाने विचारलंय

ऑबर्न, अलाबामा
२२ ऑक्टोबर २००६

प्रिय आई,

सप्रेम जय भीम.

परवा फोनवर तू पुन्हा तेच म्हणालीस. डिसेंबरात मला डॉक्टरेट मिळेल तेव्हा रवीदादाला पाठवते, मी अडाणी बाई तिथे येऊन काय बोलणार? रागाच्या भरात मी घासलेली भांडी पुन्हा घासली. आज मात्र भांडत नाही. आज फक्त मिस ओडेसाच्या घरचं सांगते.

मिस ओडेसा म्हणजे माझी घरमालकीण. इथे वडीलधाऱ्या बाईला सगळे 'मिस' म्हणतात. ऐंशी ओलांडलीय, चर्चला जाताना जांभळी हॅट घालते, आणि जीभ अशी तिखट की आपल्या सुमित्रामावशीनेही हात जोडावेत. काळ्या लोकांचं हे घराणं चार पिढ्या कापसात आहे. पणजोबा गुलाम. मालकाचा कापूस वेचायचे, कमी भरला तर पाठीवर चाबूक. आजोबा आयझाया स्वतंत्र झाले, पण शेत गोऱ्याचं, निम्मा कापूस त्याला. उरलेल्या निम्म्यातून पोटाला चिमटे काढत त्या माणसाने स्वतःची जमीन घेतली. पुढे बोंडांत किडा पडला, शेजारपाजारचे शिकागोला निघून गेले, तिचे वडील हलले नाहीत. नवरा वारल्यावर ओडेसाने स्वतः ट्रॅक्टर हाकला आणि तिन्ही मुलं कॉलेजात घातली. मला या बाईचं फार फार कौतुक वाटतं.

आता वेचणी मशीन करतं. पण घराजवळच्या एका ओळीला मिस ओडेसा मशीन लावू देत नाही. काल सगळं कुटुंब जमलं, अटलांटाची डॉक्टर नातसुद्धा, आणि सगळ्यांनी ती ओळ हाताने वेचली. मग जेवताना भिंतीवरचे फोटो दाखवत तिने पोरांना पूर्वजांची ओळख करून दिली. हा आयझाया, दिवसाला तीनशे पौंड वेचायचा. ही माझी आई, दोनशे, तेही मी पोटात असताना. पोरांनी टाळ्या वाजवल्या!

मीही वेचायला गेले होते. बोंडाची टोकं नखांत घुसून रक्त आलं, पिशवीचा तळ काही झाकेना. यवतमाळची म्हणे, कापसाच्या मुलखातली, असं म्हणत सगळे हसले. तेव्हा मला तुझी बोटं आठवली. पाहुणे आले की तू हात पदराखाली घ्यायचीस. कमरेला कापूस भरायचा ओटा बांधून तू दुसऱ्यांच्या पऱ्हाटीत जन्म काढलास आणि मला बांधावरही उभं राहू दिलं नाहीस. घरी जा, अभ्यास कर, म्हणायचीस. म्हणूनच मला वेचता येत नाही. हे मी त्या सगळ्यांना ताठ मानेने सांगितलं.

मिस ओडेसाने पुढे वाकून विचारलं, तुझी आई दिवसाला किती वेचायची? आणि आई, मला सांगता आलं नाही. आपल्या घरात तुला हे कधी कोणी विचारलंच नव्हतं. फोन करून विचारते म्हटलं, तर ती माझ्यावरच डाफरली. फोनवर नको, तिच्या तोंडून ऐकायचंय म्हणाली. इथे येऊन काय बोलणार असं विचारतेस ना? हे बोल. मी शेजारी बसून इंग्रजीत सांगेन. आणि त्या बाईसमोर हात पदराखाली घेऊ नकोस.

तुझीच लेक,
प्रणिता