एकशे अठ्ठ्याण्णव चित्रांची व्यवस्था

मी, वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, वय वर्षे एक्क्याऐंशी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. धाकट्या भावाला तो पटलेला नाही.

१. राहतं घर मुलीला. मागच्या खोलीचं छत गळतं. दुरुस्ती मी केली नाही, फक्त बादल्या बदलल्या.

२. सूक्ष्मदर्शक कॉलेजला द्यावा. नको म्हणाले तर वाद घालू नये. तिथं शेवाळ ओळखणारं आता कोणी नाही.

३. लिहायचं टेबल धाकट्या भावाला. तो औषधविक्रेता. "दादा, आमच्या औषधसंहितेत एका औषधाचा मोनोग्राफ दीड पानात आटोपतो. तुझं कसलं दळण चाललंय?" असं तो दर रविवारी जेवताना विचारायचा. टेबल सागवानी आहे. ते त्यानं तीन जिने स्वतः उतरवावं.

४. मोनोग्राफचं हस्तलिखित. आमच्या शास्त्रात मोनोग्राफ म्हणजे एका प्रजातीतल्या झाडून साऱ्या जातींचं वर्णन, एकही न सोडता. माझ्या शेवाळाच्या जाती दोनशे बारा. मजकूर माझा, चित्रं बायकोची. प्रत्येक चित्राखाली ती शाईने बारीक सही करी.

बढतीच्या समितीचे अध्यक्ष इतिहासाचे. ते म्हणाले, "मोनोग्राफ म्हणजे एकट्या विद्वानाचा ग्रंथ. ही दुसरी सही कोणाची?"

"चित्रकाराची," मी म्हणालो. बायकोची म्हणालो नाही. त्याच आठवड्यात मी ब्लेडने एकूण एक सही खरवडून काढली. पुढच्या बैठकीत रसायनशास्त्राचे सदस्य म्हणाले, "पण आमच्याकडे पुस्तकं धरतच नाहीत. लेख किती?" तेलही गेलं, तूपही गेलं.

बायकोनं चित्रं पाहिली. "एकट्याचं आहे ना? मग संपवा एकट्यानं." त्यानंतर ती एकोणीस वर्षं जगली आणि एकदाही टाक हातात घेतला नाही. मी माफी मागितली ती दवाखान्यात, तिला ऐकू येत नव्हतं तेव्हा.

ग्रंथपाल माझे मित्र. "सर, आमच्या नोंदीत जे एकदाच येतं आणि पुरं होतं ते मोनोग्राफ. तुम्ही पुरं करा, मी कार्ड करतो." चौदा जाती चित्रांवाचून राहिल्या. मला साधं पानही काढता येत नाही. तेव्हा माझ्याच शास्त्राच्या व्याख्येनुसार हा मोनोग्राफ नाही. मजकूर रद्दीत द्यावा. मुलीनं तो पुरा करायला घेऊ नये, ही माझी सक्त सूचना आहे.

५. एकशे अठ्ठ्याण्णव चित्रं मुलीला. त्यांवर आईची सही पुन्हा घाल, असं मी तिला गेल्या महिन्यात म्हणालो. तिनं एक चित्र खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. मग म्हणाली, "बाबा, बँकेतली सही वेगळी होती. ही कशी होती?"

मला सांगता आलं नाही. चित्रं आहेत तशीच ठेवावीत.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यादेखत सही केली.

साक्षीदार : धाकटा भाऊ, औषधविक्रेता (सही). ग्रंथपाल, निवृत्त (सही).
स्थळ : राहतं घर, मागची खोली.
दिनांक : ९ मार्च.