ऋतुजाच्या गोगलगायी आणि इतर मिळकत

मी, वच्छलाबाई उत्तरेश्वर तांदळे, वय ६७ वर्षे, निवृत्त आरोग्य सेविका, राहणार पाटोदा, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मला दिसते, ऐकू येते आणि आपण काय लिहितो आहोत ते कळते. माझ्या हृदयाच्या दोन झडपा खराब आहेत. डॉक्टरांनी मुदत सांगितलेली नाही, पण एकतीस वर्षे दवाखान्यात काढल्यावर न सांगितलेलेही समजते.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात घराची पुढची खोली समुद्री गोगलगायींसाठी राखून ठेवली होती. ते मृत्युपत्र रद्द समजावे. का रद्द करावे लागले, ते कलम ५ मध्ये लिहिले आहे.

१. वारस. माझे पती २००९ साली वारले. मुलगी ऋतुजा १९ जानेवारी २०२३ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारली. मुलगा रविराज, वय ३३, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम, हा एकटाच वारस हयात आहे. तो, त्याची पत्नी सुनिता आणि त्यांची दोन मुले माझ्याच घरात राहतात.

२. पाटोदा येथील राहते घर माझ्या नावे आहे. ते आणि तलवाड्याकडची माहेरची दीड एकर जमीन रविराजला द्यावी. आधी मी अट घातली होती. आता कोणतीही अट नाही. बँकेतली ठेव नातवंडांच्या शिक्षणासाठी.

३. माझी बोरमाळ सुनिताला द्यावी. ऋतुजा आजारी असताना बीडला जाणाऱ्या एस.टी.त तिच्या शेजारी बसून, उलटीची पिशवी हातात धरून जी बाई तीन वर्षे गेली, ती हीच. बीपी मोजण्याचे मशीन आमच्या गल्लीतल्या आशाताई छबुबाई यांना द्यावे. त्यांचे सरकारी मशीन नेहमी बंद असते.

माझे चुलत दीर अमरसिंह यांनी ऋतुजाच्या दहाव्याला चार माणसांत सांगितले की घरात खारं पाणी साठवलं म्हणून पोरगी गेली. त्यांना माझ्या दहाव्याला बोलवावे, पोटभर जेवू घालावे. बोलू देऊ नये.

४. गोगलगायींबाबत. ऋतुजा रत्नागिरीला मत्स्यविज्ञान शिकली आणि पुढे गोव्याकडे एका संस्थेत समुद्री गोगलगायींवर काम करू लागली. तिसाव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि ती घरी आली. आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिस सुरू झाले. समुद्र संपला. तेव्हा तिची मैत्रीण दिपाली हिने सात गोगलगायी डब्यात घालून स्वतः पाटोद्याला आणून दिल्या. पुढच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी आली.

या गोगलगायी आपल्या रानातल्यांसारख्या नसतात. पाठीवर शंख नाही. नखाएवढ्या, अंगावर मऊ केसाळ झूल, टोकांना निळी झाक. त्या एकाच गोष्टीवर जगतात: काचेसारखे दिसणारे एक तपकिरी समुद्रफूल. त्याला फूल म्हणतात, पण तोही प्राणीच. टाकी पाळणारे लोक त्याचा गाजरगवतासारखा तिरस्कार करतात, कारण ते एकदा लागले की हटत नाही. आम्ही मात्र दुसऱ्या लहान टाकीत त्याची पैदास करायचो. बारीक कोळंबीची पिले फुलांना, फुले गोगलगायींना. मी सुरुवातीला विचारले होते की एखाद्या दिवशी दुसरे काही घातले तर. ऋतुजा म्हणाली, "उपाशी मरतील आई, पर दुसऱ्याला तोंड लावणार न्हाईत."

मे महिन्यात पाणी तापू नये म्हणून आम्ही बाटल्यांत बर्फ करून टाकीत सोडायचो. टँकर चार दिवसांनी यायचा, तेव्हा गल्लीतल्या बायका आमच्या टाकीकडे कशा बघायच्या, ते मला माहीत आहे.

ऋतुजाला दिवसाला एक लिटर पाण्याची परवानगी होती, चहा आणि वरण धरून. मीठ जवळजवळ बंद. ओठ सुकलेले असताना ती बादल्या मोजायची आणि लिटरला पस्तीस ग्रॅम याप्रमाणे समुद्री मीठ तोलायची. मला ते बघवत नाही असे मी एकदा बोलून गेले. त्यावर ती म्हणाली, "माझ्या वाटचं ह्यांना जाऊ दे. कुठंतरी जातंय तरी."

मला मधुमेह असल्याने माझी किडनी चालली नाही. रविराजची जुळली. संभाजीनगरच्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या, तारीख ठरली. तारखेच्या चार दिवस आधी तो टोळी घेऊन कर्नाटकात निघून गेला. तिथून त्याने फोन केला. "आई, मला दोन लेकरं हायेत. माझ्यानं न्हाई व्हायचं." मी फोन ऋतुजाच्या हातात दिला. तिने त्याला मुलांना स्वेटर घेतले का, एवढेच विचारले. फोन ठेवल्यावर म्हणाली, भ्यालाय तो. त्यानंतर ती चौदा महिने जगली.

त्याने गुन्हा केला असे कायदा म्हणणार नाही. मीही चारचौघांत कधी म्हटले नाही. मी फक्त त्याच्याशी कामापुरते बोलू लागले.

५. पूर्वीचे मृत्युपत्र रद्द करण्याचे कारण. ऋतुजा गेल्यावर मी गोगलगायी पाळत राहिले. त्यांचे आयुष्य वर्षभराचेही नसते. ज्या मी शेवटी पाळल्या, त्या तिने पाहिलेल्या नव्हत्या. वहीतल्या नोंदीप्रमाणे ती तिच्या सातांची अकरावी पिढी होती. तरी सकाळी काचेवर अंड्यांची पांढरी वळकटी दिसली की मला त्या घरात कोणीतरी आहे असे वाटायचे.

यंदा मे महिन्यात छातीत दुखू लागले आणि मला सहा दिवस बीडला ठेवले. निघताना मी रविराजला दोनच गोष्टी सांगितल्या: रोज खुणेपर्यंत साधे पाणी घालायचे, पंखा बंद करायचा नाही. फुलांबद्दल बोलले नाही. त्यांना कोणी हात लावील असे मनातच आले नाही, आणि कामापुरते बोलायची मला सवय झाली होती.

परत आले तेव्हा पुढची खोली लख्ख होती. रविराजने तीन दिवस दुसरे काम केले नव्हते. गोगलगायी त्याने चमच्याने एक-एक उचलून वाडग्यात काढल्या होत्या, तेवीसच्या तेवीस. मग दोन्ही टाक्यांतली तपकिरी घाण खरवडली, दगड उकळत्या पाण्यातून काढून पत्र्यावर वाळवले, ऋतुजाच्या वहीत बघून मीठ तोलले आणि नवे पाणी भरले. पाण्याचे माप वहीत तिने माझ्यासाठी मराठीत लिहिले होते. खाण्याचे पान इंग्रजीत होते.

तो दारात उभा राहून म्हणाला, "सगळी घाण काढली बघ, आई. ताई आसती तर खूश झाली आसती."

मी म्हणाले, चांगलं केलंस. साडेतीन वर्षांत मी त्याला बोललेला तो पहिला बरा शब्द होता.

नंतर मी मोरीची जाळी, बादल्या, पत्र्यावरचे दगड भिंगाखाली पाहिले. एकही फूल उरले नव्हते. गोगलगायी स्वच्छ काचेवरून हिंडत होत्या, थांबत होत्या, पुन्हा हिंडत होत्या. आठ दिवसांत त्या आखडून तांदळाएवढ्या झाल्या. रविराजने विचारले की या अशा का झाल्या. तेव्हा मी सांगितले. मला गप्प राहता आले असते. मी सांगितले.

तो झाकणाची बादली घेऊन पुण्याला गेला आणि दोन दिवस शोभेचे मासे विकणाऱ्यांची दुकाने फिरला. लोक जे औषध घालून मारतात, तेच हा माणूस मागतो आहे, म्हणून दुकानदार हसले. शेवटी एकाने तीन फुले चिकटलेला दगड तसाच देऊन टाकला. येताना अहिल्यानगरच्या पुढे एस.टी. बंद पडली. भर उन्हात दोन तास तो अंगातला शर्ट भिजवून बादलीवर धरून उभा होता, असे त्याच गाडीने आलेल्या एकाने मला नंतर सांगितले. घरी झाकण काढले तेव्हा दगडावर फक्त बुळबुळीत साय होती. वास येत होता. तरी आम्ही तो दगड पाण्यात ठेवला. तेव्हा अकरा जिवंत होत्या. त्यांतल्या दोन दगडापर्यंत गेल्या आणि वळल्या.

शेवटची २८ जून रोजी गेली. त्यामुळे खोली राखून ठेवण्याचे कलम आता निरर्थक आहे.

६. टाकी फोडू नये. तिच्यात मासे पाळू नयेत. ज्वारी ठेवली तरी चालेल, उंदीर लागणार नाहीत. ऋतुजाच्या सहा वह्या आणि भिंग दिपालीला पाठवावे. ती आता देशाबाहेर असते. पत्ता पहिल्या वहीच्या आत आहे. गोगलगायींचे काय झाले हे तिला मी कळवलेले नाही. ते सुनिताने कळवावे. रविराजला कळवायला लावू नये.

७. हे शेवटचे कलम एकट्या रविराजसाठी आहे. बादली घेऊन आला त्या दिवशी टाकीसमोर बसल्या-बसल्या त्याने मला विचारले, "आई, मी तवा दिली आसती, तर ताई वाचली आसती का?"

मी बादली उचलली आणि धुवायला घेऊन गेले. त्यानंतर त्याने पुन्हा विचारले नाही.

उत्तर त्याला ठाऊक आहे. ही किडनी बसली तर मुलगी पंधरा-वीस वर्षे सहज काढील, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा तो माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होता. तरी त्याने विचारले. म्हणजे त्याला माझ्याकडून एक शब्द हवा होता, आणि माझ्याजवळ देण्यासारखे तेवढेच होते. मी ते दिले नाही.

ते आता देते. नाही, रविराज. वाचली नसती.

हे खरे नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. तरी ते मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने लिहिले आहे.

स्थळ: पाटोदा, जि. बीड
दिनांक: १४ जुलै २०२५

(सही) वच्छलाबाई उत्तरेश्वर तांदळे

वच्छलाबाईंनी वरील मजकूर आम्हा दोघांना वाचून दाखवला आणि आमच्या डोळ्यांदेखत सही केली. कलम ७ वाचताना त्या एकदा थांबल्या. त्यात बदल करायचा आहे का, असे आम्ही विचारले. त्या नाही म्हणाल्या. आम्हा दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

साक्षीदार:
१. (सही) सिदू आश्रुबा सानप, निवृत्त पोस्टमन, पाटोदा
२. (सही) परमेश्वर अजिनाथ घुले, शिक्षक, पाटोदा