मठासमोरचा दगड

कोस्तेनी, १२ फेब्रुवारी २००६

चि. झाम्फिरास,

अ. उ. आ. वि. वि. पोटातल्या पाहुण्यालाही आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. बाबांचं पत्र्याचं काम जोरात चालू आहे; या वयात छपरांवर चढू नका म्हटलं की त्यांना ऐकू येईनासं होतं.

मुख्य बातमी ही की आमच्या रोमा संघटनेला मठाच्या दारात दगड बसवायची परवानगी मिळाली. वीस तारखेला आपल्या लोकांची गुलामी संपून दीडशे वर्षं होतात. ‘येथे राहिलेल्या रोमा गुलामांच्या स्मरणार्थ’ असं कोरलंय. मजकूर मठाधिपतींनीच सुचवला. शिवाय सरकारकडे अर्ज जातोय: झाल्या गोष्टीची जाहीर माफी, शाळेच्या पुस्तकात धडा आणि भिंतीबाहेरच्या आपल्या जुन्या कबरींची जमीन परत. मार्टिनिक बेटावरच्या काळ्या गुलामांच्या वंशजांच्या संघटनेनं त्यावर सही केली आहे, आणि त्यांच्या एक बाई स्वतः येणार आहेत. समुद्रापलीकडून त्या येणार आणि बुखारेस्टहून तू येणार नाहीस, असं होऊ देऊ नकोस. केस सोनेरी केलेस तरी आम्ही ओळखू.

बाबांना सांगितलं. ते पत्रा ठोकत राहिले.

लोभ आहेच, तो इथे येऊन वाढव.

तुझी ताई,
साफ्ता

बुखारेस्ट, १६ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. मला येता येणार नाही. सासूबाई बाळंतपणासाठी आत्तापासूनच आमच्याकडे येऊन राहिल्यात आणि त्यांच्या लेखी मी अजून ग्रीक आजीची नात आहे, रोमा नाही. एमिलला सगळं ठाऊक आहे. तो म्हणतो, बाळाचं तोंड पाहिल्यावर आईला सांगू. काल बाजारात सासूबाईंनी एका रोमा बाईकडून सुटे पैसे घेतले आणि ‘जिप्सी’ म्हणत लगेच हात रुमालाला पुसले. मी शेजारी पिशवी धरून उभी होते. आता तूच सांग, कशी येऊ?

एवढं कर, भाषणात माहेरचं आडनाव घेऊ नकोस. सासूबाई बाळासाठी स्वेटर विणतायत. एरवी फार चांगल्या आहेत गं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
झाम्फिरा

कोस्तेनी, २१ फेब्रुवारी

झाम्फिरा,

आशीर्वाद मागाहून. आधी हे वाच, आणि बसून वाच.

काल दगडावरचं कापड मठाधिपतींनी ओढलं. टाळ्या झाल्या. बाबा गर्दीतून पुढे आले. मला वाटलं, फुलं ठेवतायत. त्यांनी कोटातून हातोडा काढला आणि दगड फोडला. कुणाला हलायचंही सुचलं नाही. अक्षरं तुकड्यातुकड्यांनी बर्फात पडत होती आणि महापौर हातात भाषणाचा कागद धरून बघत होते. पोलिसांनी धरलं तेव्हा बाबांनी टोपी सरळ केली आणि मुकाट गाडीत बसले. मी मागे धावत का, का असं विचारत होते. एवढंच म्हणाले की घरी जा, शेगडी विझेल.

आपलेच लोक आपल्या दारावर थुंकून गेले. इतकी वर्षं झगडून मिळवलेला दगड, आणि फोडला कुणी, तर गावरिलनं, असं बाबांचं नाव घेऊन म्हणत होते. टीव्हीवाले आले होते. त्यांनी आडनाव सांगितलं गं. मी काही करू शकले नाही.

साफ्ता

बुखारेस्ट, २४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. आम्ही सूप पीत असताना ती बातमी लागली. सासूबाई म्हणाल्या, बघा, यांना दगड द्या तर तोही फोडतात. मी म्हणाले की तो माणूस माझा बाप आहे. हे बोलणार आहे हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

त्यांनी एमिलला विचारलं, तुला ठाऊक होतं का? तो हो म्हणाला. मग त्या खुर्चीत बसल्या आणि अर्धा झालेला स्वेटर उसवायला लागल्या. शेवटच्या टाक्यापर्यंत उसवला, लोकर नीट गुंडाळली, पर्समध्ये ठेवली आणि सकाळी मुलीकडे निघून गेल्या. मी नुसती बघत राहिले.

बाबांचा फार संताप येतोय. पण त्यांनी उगाच कधी काही मोडलेलं मला आठवत नाही. त्यांना विचार. मला समजलंच पाहिजे.

तुझी,
झाम्फिरा

कोस्तेनी, ५ मार्च

चि. झाम्फिरास,

अ. आ. बाबा घरी आलेत, खटला चालेल. काल संघटनेची सभा होती, त्यांना गावाबाहेर काढा म्हणणारेच जास्त. बाबा उठले. म्हणाले, ‘येथे राहिलेल्या’ म्हणे. पाहुणे होते का, पाव आवडला म्हणून राहिले? कुणी बांधून ठेवलं, कुणी आईपासून पोर तोडून विकलं, त्याचं दगडावर नावच नाही. आमची लाज कोरलीत, त्यांची कुठे कोरलीत?

खरं सांगू, ते वाक्य मी महिनाभर रोज वाचत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. मार्टिनिकच्या बाई अजून इथेच आहेत, त्यांना कुणीतरी भाषांतर करून सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्या बेटावरचा पहिला दगडही असाच होता. तो कुणी फोडला नाही, म्हणून अजून तसाच उभा आहे.

नवा मजकूर असा: ‘समोरच्या मठाने माणसे गुलाम म्हणून बाळगली, विकली, दान केली. ती माणसे आमची होती.’ मठाधिपतींनी तो दारात लावायला साफ नकार दिला. मग बाबांनी रस्त्यापलीकडची आपली कोबीची पट्टी देऊन टाकली. दगड ऐन दारासमोर येतो. पुढच्या महिन्यात बसवू. येशील का, हे आता विचारत नाही, तारीख कळवते.

ताई

कोस्तेनी, ३० एप्रिल

चि. झाम्फिरा व एमिल यांस,

आशीर्वाद. तुम्ही येऊन गेलात, घर भरल्यासारखं वाटलं. एमिलनं कालवलेलं सिमेंट बाबांनी नंतर गुपचूप पुन्हा कालवलं, पण जावई हौशी आहे म्हणाले. सासूबाई अजून बोलत नाहीत हे वाचून वाईट वाटलं. सरकारचंही काही उत्तर नाही.

आता ऐक. बसमधून यात्रेकरू उतरतात, मठाच्या दाराकडे जातात, मागे वळून दगड वाचतात आणि परत दाराकडे बघतात. असं आठवडाभर चाललं. गुरुवारी मठानं पुढचं दार बंद केलं. आतून अडसर घातला. लोकांना आता गोठ्याजवळून, चिखलातून, मागच्या दारानं नेतात. संघटनेतले निषेधाचं पत्र लिहायला बसले.

बाबा दगडाजवळच्या बाकावर पाव-कांदा खात होते. म्हणाले, लिहू नका. त्या मागच्या दारानं आपण पिढ्यान्‌पिढ्या ये-जा केली. आता काही दिवस त्यांना करू दे.

लोभ असावा. बाळाला आणशील तेव्हा पुढच्या रस्त्यानं आण.

तुझी ताई,
साफ्ता