पान एकशे सतरा

प्रिय भिंगरी,

नऊ वर्षांनी पत्र, आणि तेही तक्रारीचं. नाक मुरडू नकोस, माझं डोकं सध्या ठिकाणावर नाही. कारण अर्थातच आपलं नियतकालिक. दुर्बिणींच्या उपकरणांवर कुणी वीस वर्षं अंक काढतं याचं लोकांना नवल वाटायला हवं, पण संपादकसाहेबांना हवाय अहवाल: लेख किती छापले, पुढे किती जणांनी त्यांचा संदर्भ दिला, आपला 'प्रभाव' किती. प्रभाव म्हणे! वाचलं किती जणांनी, हे कुणी विचारत नाही. तीन महिने मी बापडी आकडे जुळवतेय. तुझं टेबल अजून डुगडुगतं. पायाखाली जुना अंक दुमडून घातलाय. त्या अंकाचा तेवढा तरी उपयोग झाला.

सगळ्यात जास्त संदर्भ मिळालेला लेख अहवालाच्या पहिल्या पानावर घ्यायचा, असा हुकूम. संगणकानं उत्तर दिलं: खंड सहा, पान ११७, संदर्भ त्र्याण्णव. कपाटातून खंड काढला, तर पान ११७ वर भिंग घासायच्या पावडरीची जाहिरात! त्र्याण्णव विद्वानांनी पावडरीचा आधार घेतलाय. साहेबांना दाखवलं, तर आकडा चांगला आहे, राहू द्या म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग हट्टानं त्र्याण्णवच्या त्र्याण्णव लेख उघडले. संदर्भात पान सगळीकडे ११७, आणि नाव सगळीकडे तुझं. आरशाची थरथर मोजायची तुझी पद्धत! तो लेख आहे पान १७१ वर. संगणक खंड आणि पान बघून जुळणी करतो, त्यामुळे सगळं श्रेय गेलं पावडरीला आणि तुझ्या लेखापुढे उरलं शून्य. एकानंही मूळ पान उघडायची तसदी घेतली नाही.

ते शून्य तू विसरली नसशील. निवड समितीत साहेबांनी त्याच शून्याचा कागद नाचवला, हिला कुणी विचारत नाही म्हणाले, आणि तुझी नेमणूक कायम झाली नाही. तू खोकी भरत होतीस आणि मी शेजारी उभी राहून जगाला नावं ठेवत होते. शहाणीच मी!

कारण जग कुठून चुकलं, तेही आता सापडलंय. त्या अंकाच्या अनुक्रमणिकेत १७१ चं ११७ झालंय. प्रुफाचा कागद फाईलमध्ये अजून आहे, खाली 'तपासले' असं लिहिलंय आणि सही माझी आहे. भिंगरी, मला फार लाज वाटते. दुरुस्तीचा अर्ज सोबत जोडलाय. त्यावर लेखिकेची सही लागते. ती झाली की अहवालाच्या पहिल्या पानावर साहेबांना तुझं नाव छापावं लागेल. गेलेली नोकरी त्यानं परत येणार नाही, ते मला कळतं. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण सही कर. आणि त्या पानाचं प्रूफ मी तुझ्याकडे पाठवीन. या वेळी तूच तपास.

तुझीच,
जिच्या नजरेतून चूक सुटत नाही म्हणून तू कौतुकानं हाक मारायचीस ती
खोडरबर